पांढरा मळ

(भाईंदर पूर्व, जेसल पार्क. पिंटूचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. दसरा होऊन सहा दिवस झालेत, सकाळचे अकरा. सुचेता आणि तिचे सासरे काशीनाथ मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कहून रिक्षाने सीपीयू घेऊन आलेत.)

सुचेता : हळू ठेव! आपटतोस काय? आधीच अर्धमेला झालाय तो.

पिंटू : आपटला नाय वहिनी, ठेवला. बसा तर खरं. काका, तुम्ही पण या, इथे फॅनखाली बसा.

सुचेता : बसायला नाही आले मी. आठ महिन्यांपूर्वी तू हे मशीन जोडून दिलंस. काय म्हणाला होतास? वहिनी, लग्नांच्या व्हिडिओचं मिक्सिंग दिवसरात्र करा, काय होत नाय. आता वीस मिनिटं चालतं आणि फट्कन बंद. सहा दिवस हेच चाललंय.

पिंटू : वीस मिनिटांनी बंद? मग तापतंय. प्रोसेसर जास्त गरम झाला की तो स्वतःच बंद पडतो, जळू नये म्हणून.

सुचेता : तापतंय हे मलाही कळतं. का तापतंय ते सांग. डोंगरीच्या फिलोमिनाबाईंच्या मुलीचं लग्न शूट केलंय मी. मुलगी उद्या पहाटेच्या विमानाने कुवेतला चालली, नर्स आहे तिकडे. आज रात्री आठच्या आत डीव्हीडी तिच्या बॅगेत पडली पाहिजे. मशीन सलग पाच तास चाललं तर फिल्म तयार होते. आता तूच मोज.

पिंटू : पाच तास ते, वर घरी आणि मग डोंगरीला जायचा वेळ. म्हणजे साडेबाराला तुम्ही इथून हलायला पाहिजे.

सुचेता : हलायलाच पाहिजे.

काशीनाथ : मग नवीन पंखा बसव ना. मोठ्यातला मोठा. बोलण्यात कशाला वेळ घालवायचा?

पिंटू : काका, आधी उघडून बघू तर द्या.

काशीनाथ : बघायचं काय त्यात? मशीन तापतंय म्हणजे हवा कमी पडतेय. हवा वाढव. तीस वर्षं कारखान्यात हेच केलं मी. जुना काढ, भंगारात टाक, नवा चढव.

सुचेता : बाबा, जरा थांबा. तुम्हाला कसली घाई झालीय?

काशीनाथ : तुझीच घाई, अगं. बारा वाजतील बघता बघता.

पिंटू : बरं, पंखेच दाखवतो आधी. तीन आहेत माझ्याकडे. हा पहिला, कंपनीतून प्रोसेसरबरोबर येतो तसलाच. छोटा, चार प्लास्टिकचे पाय, दाबले की टक् करून बसतात. दहा मिनिटांचं काम.

सुचेता : तसलाच आहे आत्ता. तसलाच परत घालून काय होणार?

पिंटू : दुसरा हा. तांब्याचा आहे. गार करतो एकदम, पण आवाज लय. पिठाच्या गिरणीत बसल्यासारखं वाटेल.

सुचेता : नको. मला कानाने काम करायचं असतं. फादर शपथ वाचतात तो आवाज एवढासा असतो, तो मी या घरघरीत ऐकू कसा?

पिंटू : मग हा तिसरा. टॉवर बोलतात याला. या नळ्यांतून गरमी वर चढते, मोठा पंखा हळूहळू फिरतो. आवाज नाय, गारवा भरपूर. भानगड एकच, उंच आहे आणि जड आहे. प्लास्टिकच्या पायांना हा झेपत नाय. बोर्ड बाहेर काढून मागून लोखंडी पट्टी लावायची आणि चार स्क्रूंनी आवळायचं.

काशीनाथ : हाच घे.

सुचेता : बाबा!

काशीनाथ : अगं, स्क्रूला तोड नाही. प्लास्टिकच्या पायावर कोण विश्वास ठेवणार? हाच घे. पैसे मी देतो, पेन्शनीतले आहेत माझ्याकडे.

सुचेता : तुम्ही का म्हणून द्यायचे? बिघाड याचा आणि पैसे तुमचे? पिंटू, उघड तो डबा. हा टॉवर मावतो का आत ते मोज आणि जुन्याला काय धाड भरलीय तेही मला दाखव.

काशीनाथ : मोजायला माझ्याकडे पट्टी आहे. दे इकडे, मी मोजतो. तू कशाला हात काळे करतोस?

पिंटू : काका, राहू द्या, माझं रोजचंच आहे. हां, झाकण निघालं. आतून हे हवेचं नळकांडं आहे, ते काढून टाकलं की टॉवर मावेल. आता जुना पंखा... हे काय?

सुचेता : काय झालं?

पिंटू : नुसतं हात लावला आणि हलतोय. चौथा पाय बसलेलाच नाय. कान तुटलाय त्याचा.

सुचेता : वाटलंच मला! तुटका माल घातलास तू!

पिंटू : वहिनी, तुटका मी कधी घालत नाय. थांबा, काढतो पूर्ण. आयला! पेस्टच नाय.

सुचेता : कसली पेस्ट?

पिंटू : हा खालचा चौकोन म्हणजे प्रोसेसर. त्याच्यावर हा ॲल्युमिनियमचा ठोकळा बसतो आणि ठोकळ्यावर पंखा. दोन धातू कितीपण सपाट असू देत, मधे बारीक बारीक फटी राहतात. फटीत हवा अडकते, आणि हवेतून गरमी वर जातच नाय. म्हणून मधे ही पांढरी पेस्ट लावतात. दिसायला मळासारखी दिसते, पण सगळा खेळ तिच्यावर. ती नसेल तर वर टेबल फॅन लावा, काय उपयोग नाय.

काशीनाथ : मळासारखी दिसते?

पिंटू : हां. सुकली की चुन्यासारखी.

सुचेता : आणि तू ती लावलीच नाहीस.

पिंटू : मी लावली होती.

सुचेता : मग गेली कुठे? उंदराने चाटली? पिंटू, मी तुझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला. मीरा रोडचे अकरा शूटिंगवाले मी तुझ्याकडे पाठवलेत. अकरा! आणि तू मलाच चुना लावलास? चोर आहेस तू, चोर!

पिंटू : वहिनी, हळू. बाहेर गिऱ्हाईक उभं आहे.

सुचेता : ऐकू दे त्यांना! कळू दे इथे काय चालतं ते. थांब, फोन वाजतोय. फिलोमिनाबाईच आहेत. काय सांगू आता यांना? इथे आत रेंज पण नाही मेली. आलेच मी.

पिंटू : काका.

काशीनाथ : हं.

पिंटू : हा ठोकळ्याचा तळ बघा. आरशासारखा चमकतोय. पॉलिश पेपरच्या रेघा आहेत याच्यावर. आणि इथे आत, पत्र्याला, हळद लागलीय.

काशीनाथ : हळू बोल रे बाबा.

पिंटू : तुम्ही उघडलं होतं?

काशीनाथ : खंडेनवमीला. ती डोंगरीला त्या लग्नालाच गेली होती, आमचा जितेंद्र ऑफिसात. कारखान्यात तीस वर्षं मी खंडेनवमीला मशीन साफ केल्याशिवाय पूजा केली नाही. लेथ असो, ड्रिल असो, खोलायचं, रॉकेलने पुसायचं, मग हळदकुंकू. मळक्या मशीनला फूल वाहायचं नाही, असं आमचे मिस्त्री सांगायचे. आता घरात मशीन म्हणून हे एकच. पंख्यात बोटभर धूळ होती. तो काढला तर खाली पांढरं काहीतरी सुकून बसलेलं. मला वाटलं, वंगण वाळलंय.

पिंटू : आणि घासलंत.

काशीनाथ : झिरो नंबर पॉलिश पेपरने. वरचं, खालचं, दोन्ही. तोंड दिसेपर्यंत.

पिंटू : अरे देवा! आणि हा पाय?

काशीनाथ : परत लावताना तो टक् झाला नाही. जोर दिला तर मोडला. म्हटलं, तीन पायांवर राहील तोलून. दुसऱ्या दिवशी मशीन बंद पडलं. वाटलं, त्या मोडक्या पायाने हवा कमी जात असेल. म्हणून म्हणत होतो, मोठा पंखा घाल. त्या मळाचं आत्ता तू बोललास तेव्हा समजलं.

पिंटू : मग सांगून टाका ना वहिनींना.

काशीनाथ : नाही सांगता येत.

पिंटू : काय नाय सांगता येत? चूक झाली, बोलायचं.

काशीनाथ : जितेंद्रने माझं तिकीट काढायचं ठरवलंय. म्हणाला, बाबा, इथे तुम्ही दिवसभर नुसते बसून असता, एका खोलीत दाटी होते, गुहागरचं घर बंद पडलंय ते उघडा. सरळ तोंडावर बोलला. सुचेता मधे पडली. म्हणाली, राहू देत, मला त्यांची मदत होते. तिच्या त्या एका शब्दावर मी इथे राहिलोय. गावी कोण आहे माझं? तुझी काकू होती तोवर गाव होतं. आता तिला कळलं, की या मदतीनेच तिचं काम बुडवलं, तर ती कशाला मधे पडेल पुन्हा?

पिंटू : आणि माझं काय, काका? चोर बोलली ती मला. बाहेर दोन माणसं ऐकत होती, त्यातला एक गेला पण.

काशीनाथ : मला ठाऊक आहे.

पिंटू : अकरा माणसं तिने पाठवलेली. तेवढ्यावरच माझं दुकान उभं आहे.

काशीनाथ : तेही ठाऊक आहे रे.

पिंटू : आली ती. बरं, बघतो मी काय ते. तुम्ही गप्प बसा.

सुचेता : रडत होत्या फिलोमिनाबाई. म्हणाल्या, मुलीच्या बॅगेत वरती जागा ठेवलीय डीव्हीडीला. मी सांगितलं, आठला पोचते. थाप मारली मी! आयुष्यात गिऱ्हाईकाला थाप मारली नव्हती. हं, बोल. सापडलं काही?

पिंटू : वहिनी, माझीच चूक आहे.

सुचेता : काय?

पिंटू : पेस्ट हलकी होती. सुकली आणि उडून गेली. आणि पाय पण माझ्याच्याने नीट बसला नसेल. टॉवर लावून देतो, त्याचे पैसे नको.

सुचेता : उपकार नकोत मला तुझे. कागद घे. लिही त्याच्यावर, पेस्ट खराब वापरली, पाय मोडका बसवला, चूक दुकानाची. खाली सही कर. उद्या मी तो कागद आमच्या सगळ्या शूटिंगवाल्यांना दाखवणार आहे. तुझ्या नादाला लागून आणखी कुणाचं वाटोळं व्हायला नको.

पिंटू : वहिनी, कागद कशाला? मी तोंडाने कबूल केलं ना?

सुचेता : तोंडाने तू आठ महिन्यांपूर्वीही बरंच काही बोलला होतास. लिही.

पिंटू : लिहितो. पेन... हे घ्या, आहे. काय लिहू?

सुचेता : सांगितलं ना? चूक दुकानाची.

पिंटू : चूक... दुकानाची...

काशीनाथ : पेन खाली ठेव.

पिंटू : काका, तुम्ही नका पडू मधे.

काशीनाथ : ठेव म्हणतो ना! सुचेता, याने काही केलेलं नाही. मी केलंय. खंडेनवमीला मी मशीन उघडलं. ती पेस्ट मी घासून काढली, मळ समजून. पायही मी मोडला.

सुचेता : काय बोलताय तुम्ही?

काशीनाथ : खरं तेच बोलतोय. कारखान्यात कामाच्या कार्डावर ज्याचा हात त्याची सही असायची. एकदा माझ्या हातून सबंध शाफ्ट फुकट गेला, तरी मी खाली माझंच नाव लिहिलं. आज या पोराला माझ्या जागी सही करताना बघत बसलो होतो मी. लाज वाटली मला.

सुचेता : सहा दिवस, बाबा! सहा दिवस मी त्या मशीनसमोर डोकं धरून बसलेय. तुम्ही मला चहा करून देत होतात. घे, दोन घोट पी, डोकं शांत होईल. तुम्हीच म्हणत होतात ना?

काशीनाथ : हो.

सुचेता : आणि एक शब्द तोंडातून फुटला नाही? पहिल्या दिवशी बोलला असतात तर अर्ध्या तासाचं काम होतं. मी काय तुम्हाला खाल्लं असतं?

काशीनाथ : भीती वाटली.

सुचेता : माझी?

काशीनाथ : गावाला पाठवाल याची. तूही जितेंद्रसारखंच म्हणशील असं वाटलं.

सुचेता : तुम्हाला असं वाटलं? माझ्याबद्दल? त्या दिवशी मी नवऱ्याशी भांडले ते कुणासाठी? आठवडाभर धड बोलत नव्हता तो माझ्याशी! एवढं करून तुम्ही मला एवढंच ओळखलंत?

काशीनाथ : चुकलो.

सुचेता : चुकलातच. पेस्ट घासलीत ती चूक नाही, कुणालाही मळच वाटला असता. गप्प राहिलात ना, ते मला लागलंय. फार लागलंय.

पिंटू : वहिनी, बारा वाजायला आले.

सुचेता : हो. पिंटू, मी तुला चोर म्हटलं.

पिंटू : बोललात. जोरात बोललात.

सुचेता : मग तेवढ्याच जोरात सांगते. अहो, तुम्ही निळ्या शर्टवाले! हां, तुम्हीच. याची काही चूक नव्हती बरं का! आमच्या घरातूनच झाली होती चूक. माणूस चोख आहे. जो निघून गेला तो तुमच्या ओळखीचा असेल तर त्यालाही सांगा.

पिंटू : अहो, बस की वहिनी, जाहिरात झाली माझी. तो कागद फाडू ना आता?

सुचेता : फाड. आणि टॉवरचे पैसे पूर्ण घे, मी देणार आहे. बाबा, तुम्ही कुठे निघालात?

काशीनाथ : रिक्षा बघतो. तुम्ही काम उरका.

सुचेता : रिक्षा मिळेल. इकडे या.

काशीनाथ : नको. माझा हात आता त्या मशीनला नको लागायला.

सुचेता : पिंटू, बोर्ड बाहेर काढायचा, मागे पट्टी धरायची, वरून तो जड टॉवर धरायचा आणि वरतीच चार स्क्रू आवळायचे. तुला हात किती?

पिंटू : दोन. एकट्याने लावतो मी, पण तासभर जातो.

सुचेता : तासभर नाहीये आपल्याकडे. बाबा, या ना!

काशीनाथ : पुन्हा काहीतरी मोडेल, सुचेता. बघ.

सुचेता : मोडू दे. पिंटू आहे ना समोर. बसा तिथे.

पिंटू : काका, मी पट्टी धरतो खालून. आधी पेस्ट. नाय नाय, ग्रीससारखी थापायची नाय! मुगाच्या डाळीएवढी, मधोमध. हां. टॉवर सरळ खाली आणा. आता स्क्रू.

काशीनाथ : एक आवळून मग दुसरा, असं करायचं नाही. एक बाजू दबली की दुसरी उचलते. आधी हा, दोन आटे. मग याच्या तिरका समोरचा, दोन आटे. मग हा, आणि मग तो. सगळे बरोबर खाली गेले पाहिजेत.

पिंटू : मी तर एकेक करूनच आवळतो, काका.

काशीनाथ : म्हणून तुझी एक बाजू गरम राहत असेल. पाईपाच्या जोडाला असंच आवळतात. पट्टी सोडू नकोस. आणखी एकेक आटा. बस. आता जोर नको, बोर्ड वाकेल.

सुचेता : जमतंय बघा, बाबा.

काशीनाथ : बोलू नकोस मधे.

पिंटू : बोर्ड आत. पंख्याची वायर लावली. चालू करतो, सगळे मागे व्हा. आला... हे बघा, इथे डिग्री दिसतेय. अडतीस. फिल्म लावतो तयार व्हायला, म्हणजे जोर पडेल. पन्नास. बावन्न. बावन्न. बावन्नवरच थांबलं, वहिनी!

सुचेता : आधी किती असेल?

पिंटू : नव्वदच्या वरती गेलं असणार. त्याशिवाय बंद पडत नाय. दहा मिनिटं ठेवू या असंच, मग बिनधास्त घेऊन जा. घरी लावलं की थेट पाच तासांनीच विचारायचं त्याला.

सुचेता : आवाज तर येतच नाहीये. चालू आहे ना नक्की? फोन कुणाचा आता... जितेंद्र. हॅलो. इथेच दाराशी उभी आहे, येतोय आवाज. हो, झालं सुरू. बावन्नवर आहे. नाही, पिंटूची चूक नव्हती. बाबांनी दसऱ्याला साफ करायला उघडलं होतं, त्यात झालं. हो, बाबांनीच. ओरडू नकोस. जितेंद्र, आधी ऐक. नवीन पंखाही बाबांनीच बसवलाय. चारही स्क्रू त्यांनी आवळले, पिंटू बघत होता. तुला येतात आवळता? मग? तिकीट कसलं काढतोस? कुणीही कुठे जात नाहीये. खोली लहान आहे तर आहे, मलाही माहितीये. हो, मी ठरवलं. रात्री बोल काय बोलायचं ते, आठच्या आत मला डोंगरी गाठायचीय. ठेवते.

काशीनाथ : काय म्हणाला?

सुचेता : जेवलात का, विचारत होता.

काशीनाथ : खोटं बोलतेस तू.

सुचेता : हो, बोलते. चला, तुम्ही तिकडून धरा, मी इकडून धरते.